पहिलीच आरव्ही घेताय? इंजिनाआधी छत बघा

तुम्ही विचारलंय: 'आम्ही नवरा-बायको आणि शाळेत जाणारी दोन मुलं. आरव्ही, म्हणजे आत राहता-झोपता येईल अशी गाडी, पहिल्यांदाच घेतोय. स्वतःचं इंजिन असलेली मोटरहोम घ्यावी की कारमागे ओढायचा ट्रेलर? नवी की वापरलेली? बघायला गेल्यावर नेमकं काय तपासायचं?'

माझ्याकडे वापरलेली मोटरहोम आहे आणि ती घेण्याआधी मी भाड्याच्या गाड्यांमधून बऱ्यापैकी फिरलोय. शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण पैसे बुडतात ते तिथे.

बहुतेक लोक आरव्ही बघायला जातात तेव्हा कार बघितल्यासारखी बघतात. किलोमीटर किती झाले, बॉनेट उघडा, एक चक्कर मारू. हे सगळं करा, पण नंतर. इंजिन बिघडलं तर दुरुस्त करणारे मेकॅनिक मिळतात, सुटे भाग मिळतात. भिंतीत पाणी मुरलं असेल तर मात्र भिंतच फोडावी लागते. आरव्हीची भिंत म्हणजे बहुतेक वेळा बाहेरून फायबरग्लासचा किंवा ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा, मध्ये फोम आणि लाकडी किंवा ॲल्युमिनियमची चौकट, आतून पातळ प्लाय, आणि हे सगळं गोंदाने चिकटवलेलं. हे सँडविच रस्त्यावर सतत हादरे खातं, सांधे किंचित हलतात, त्यावरचं सीलंट (फटी बुजवणारं रबरासारखं लेपण) उन्हाने कडक होऊन तडकतं आणि केसाएवढ्या फटीतून पाणी आत शिरतं. बाहेर काहीच दिसत नाही. दोन-तीन पावसाळ्यांनंतर प्लाय भुसभुशीत होतो, गोंद सुटतो, भिंतीला फुगवटा येतो. तोपर्यंत दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीला भिडलेला असतो.

म्हणून गेल्या गेल्या शिडी मागा आणि छतावर काय चाललंय ते बघा. (छतावर चालता येतं का ते आधी विचारा. सगळीच छतं माणसाचं वजन पेलत नाहीत, मग शिडीवरूनच बघा.) कडेच्या पट्ट्या, हवेचे झरोके, एसीचं बूड, सोलर पॅनेलचे स्क्रू, अँटेना, म्हणजे जिथे जिथे छताला भोक पाडलंय तिथलं सीलंट तपासा. ते लवचिक आणि अखंड हवं. थरावर थर लिंपलेले दिसले तर इथे गळत होतं एवढं नक्की समजा, आणि कधी, किती, कोणी दुरुस्त केलं ते विचारा.

मग आत या आणि नाकाचा वापर करा. बंद गाडीचं दार उघडल्यावर येणारा पहिला वास खूप काही सांगतो. कुबट वास म्हणजे ओल. सुगंधी फवाऱ्याचा घमघमाट येत असेल तर मी जास्तच सावध होतो. वरची कपाटं उघडून मागच्या कोपऱ्यांत टॉर्च मारा, हात फिरवा. ड्रायव्हरच्या डोक्यावर बेड असलेल्या मोटरहोममध्ये त्या बेडचे पुढचे कोपरे हमखास गळतात, तिथली गादी उचलून बघा. खिडक्यांचे खालचे कोपरे, मागच्या भिंतीचे दोन्ही कोपरे, शॉवरच्या बाजूची जमीन, सिंकखालचं कपाट, दाराचा उंबरठा हे सगळं अंगठ्याने दाबून बघा. कुठे मऊ लागलं, दबलं, तर तिथून पुढची बोलणी वेगळी. बाहेरून भिंतीला टॉर्च अगदी समांतर धरा, फुगवटे सावलीमुळे लगेच दिसतात.

दोन टोकांचं ओल मोजायचं यंत्र स्वस्तात मिळतं, ते जवळ असू द्या. साधारण १५ टक्क्यांपर्यंतचा आकडा ठीक, २० च्या वर गेला तर कारण शोधायला हवं. आणि शक्य असेल तर गाडी पावसाच्या दिवशी बघायला जा. विकणारा कुरकुर करेल. करू दे.

एवढं सगळं कोरडं निघालं तरच पुढे वेळ घालवा. गळकी गाडी कितीही स्वस्त मिळाली तरी पहिल्यांदा घेणाऱ्याने तिच्या वाटेला जाऊ नये, असं माझं ठाम मत आहे. ज्यांना सुतारकाम येतं आणि ज्यांच्याकडे एक अख्खा हंगाम मोकळा आहे त्यांनी घ्यावी.

दुसरी गोष्ट वजनाची. जाहिरातीत याबद्दल कोणी बोलत नाही. प्रत्येक गाडीला कमाल वजनाची मर्यादा असते आणि ती गाडीवरच्या पाटीवर छापलेली असते. त्यातून रिकाम्या गाडीचं वजन वजा केलं की तुमच्या वाट्याला काय उरतं ते कळतं. समजा मर्यादा ३,५०० किलो आणि रिकामी गाडी २,९५० किलोची. उरले ५५०. तुम्ही चौघं मिळून २५० धरा. १०० लिटर पाणी म्हणजे सरळ १०० किलो. गॅसच्या दोन टाक्या ५०, चार सायकली ६०. राहिले ९० किलो, आणि अजून कपडे, अंथरूण-पांघरूण, भांडी, किराणा, खुर्च्या, टेबल, काहीच आत गेलेलं नाही. रिकाम्या वजनात काही कंपन्या ड्रायव्हर, इंधन आणि थोडं पाणी धरतात, काही धरत नाहीत, तेही विचारून घ्या. आधीच्या मालकाने नंतर बसवलेल्या सोलर पॅनेल, बाजूला सावलीसाठी उघडायची ताडपत्री, जादा बॅटरी हे सगळं त्या ५५० मधूनच जातं. त्यामुळे खात्रीचा मार्ग एकच, गाडी वजनकाट्यावर नेणं. जादा वजनाने टायर फुटतात, ब्रेक उशिरा लागतात, आणि अपघात झाला तर विमा कंपनी आधी तेच बघते.

याच आकड्याशी तुमचा परवानाही जोडलेला आहे. युरोपात साध्या कारच्या परवान्यावर ३,५०० किलोपर्यंतची गाडी हा नियम अनेक वर्षं चालत आलाय, इतर देशांत मर्यादा वेगळ्या आहेत. जिथे चालवणार तिथला नियम गाडी पसंत करायच्या आधी वाचा.

आता मोटरहोम की ट्रेलर. ट्रेलर त्याच पैशांत जास्त जागा देतो, त्यात इंजिन नसल्याने देखभाल कमी, आणि मुक्कामी पोचल्यावर तो सोडून कार मोकळी होते. पण तुमच्याकडची कार तो ओढू शकते का हा खरा प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर कारच्या पुस्तिकेत असतं, विक्रेत्याकडे नसतं. ट्रेलरच्या वजनाचा काही भाग कारच्या मागच्या हिचवर, म्हणजे ट्रेलर अडकवायच्या जोडणीवर येतो. अमेरिकेत तो साधारण १० ते १५ टक्के ठेवायला सांगतात, युरोपातल्या हलक्या कॅराव्हॅनना (तिकडे अशा ट्रेलरला हेच म्हणतात) ५ ते ७. हा भार कारच्या क्षमतेतूनच वजा होतो, हे बरेच जण विसरतात. तो फार कमी ठेवला, म्हणजे जड सामान ट्रेलरच्या मागच्या टोकाला भरलं, तर वेग वाढल्यावर ट्रेलर शेपटीसारखा डुलायला लागतो आणि कारलाही घेऊन जातो. तेव्हा जड सामान चाकांच्या आसपास आणि खाली. रिव्हर्स घेणं सवयीने जमतं, मोकळ्या मैदानात सराव करा.

मोटरहोममध्ये थांबलात की लगेच घर तयार, हा मोठा आराम. मुलांना टॉयलेटला जायचंय, बाहेर पाऊस आहे, काही अडत नाही. फक्त एक गोष्ट नीट मोजा: झोपायच्या जागा आणि पट्ट्यासह बसायच्या जागा या वेगळ्या असतात. सहा जणांच्या झोपेची सोय असलेल्या गाडीत बेल्ट चारच असू शकतात, आणि गाडीच्या बाजूकडे तोंड असलेल्या आडव्या सोफ्याला बेल्ट असला तरी मुलांना तिथे बसवू नये. शाळकरी मुलं असतील तर दुसऱ्या कुठल्याही सोयीआधी हे बघा.

घरात बसून आराखडे बघण्यापेक्षा गाडीत अर्धा तास राहून बघा. चौघंही आत जा, दार लावा. एकाने ओट्याशी उभं राहावं, एकाने टॉयलेटला जावं, एकाने झोपावं. शॉवरमध्ये कोपर वर करून बघा. रात्री भिंतीकडच्या माणसाला उठायचं असेल तर दुसऱ्याच्या अंगावरून जावं लागतं का? रोज रात्री टेबल मोडून बेड करायचा आणि सकाळी बेड मोडून टेबल, याचा कंटाळा फार लवकर येतो. कायमचा बेड हवाच, असं मी म्हणेन. गाडी उभी असताना भिंतीतून बाहेर सरकणारी खोली असेल तर ती पूर्ण आत घेऊन बघा, तेव्हाही टॉयलेट आणि फ्रीजपर्यंत पोचता यायला हवं. वाटेत जेवायला थांबल्यावर ती बाहेर काढायला जागा असेलच असं नाही.

नवी की वापरलेली? पहिल्यांदा वापरलेली. नवी गाडी शोरूममधून निघताच किमतीत उतरते हे सगळ्यांना माहीत असतं. कमी जणांना माहीत असलेली गोष्ट म्हणजे नव्या आरव्हीचं पहिलं वर्ष किरकोळ दुरुस्त्यांतच जातं: निसटलेली कपाटं, ठिबकणारे सांधे, चुकलेली वायर. बरंचसं काम हाताने जोडलेलं असतं आणि ते पहिल्यांदा हलतं ते तुमच्या सहलीत. चार-आठ वर्षांची, नियमित वापरलेली, दुरुस्तीची बिलं जपून ठेवलेली गाडी मला सर्वांत चांगली वाटते. नियमित वापरलेली यावर जोर देतो. वर्षानुवर्षं एका जागी उभ्या गाडीचे किलोमीटर कमी दिसतात, पण बॅटऱ्या मेलेल्या असतात, जनरेटरच्या कार्ब्युरेटरमध्ये जुनं पेट्रोल चिकट होऊन बसलेलं असतं, रबरी सील सुकलेले असतात आणि उंदरांनी वायरी चाखलेल्या असतात.

टायरचंही तसंच. आरव्हीचे टायर झिजून कमी आणि वयाने जास्त जातात. नक्षी नवी दिसते, बाजूला मात्र बारीक चिरा. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात: २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३ वा आठवडा. पाच-सहा वर्षांच्या पुढचे टायर असतील तर ते बदलायचेच आहेत असं धरून भाव करा.

विजेबद्दल बऱ्याच जणांचा गैरसमज असतो. १२ व्होल्ट, १०० अँपिअर-तासाच्या साध्या लेड-ॲसिड बॅटरीत कागदावर १,२०० वॉट-तास असतात, पण ती टिकवायची तर निम्मीच वापरायची, म्हणजे ६००. छतावरचा एसी १,४०० वॉटच्या आसपास ओढतो. हिशेब करा, अर्धा तासही नाही. दिवे, पंप, पंखा, फोन यांना ती पुरते. एसीसाठी मुक्कामाच्या जागेची वीज लागते किंवा जनरेटर. लिथियम बॅटरीतून ८०-९० टक्के काढता येतात आणि ती वजनाला हलकी, पण तिला चार्जरही जुळणारा लागतो. छतावर सोलर आहे म्हणजे सगळं चालेल, असं कोणी सांगत असेल तर नुसती मान डोलवा.

गॅसवर आणि विजेवर, दोन्हींवर चालणारा फ्रीज असेल तर त्याला थंड व्हायला कित्येक तास लागतात आणि गाडी बऱ्यापैकी सपाट उभी असावी लागते. त्यामुळे विकणाऱ्याला आदल्या संध्याकाळी फोन करून तो चालू ठेवायला सांगा. त्याच फोनवर सांगा की इंजिन मात्र आम्ही येईपर्यंत सुरू करू नका. थंड इंजिन कसं सुरू होतं ते बघायचं असतं. गॅसच्या नळ्यांची गळती जाणकाराकडूनच तपासून घ्या. गॅस आणि कार्बन मोनॉक्साइडच्या अलार्मवर मुदतीची तारीख असते. ती उलटून गेलेली सापडणं अगदी नेहमीचं आहे.

सांडपाण्याबद्दल थोडक्यात: न्हाणी आणि सिंकचं पाणी एका टाकीत, संडासाचं दुसऱ्या टाकीत किंवा काढता येणाऱ्या डब्यात जमतं. तो डबा नेमून दिलेल्या जागी कोणी रिकामा करायचा हे घरी आधीच ठरवून टाका. आमच्याकडे ते खातं माझ्याकडे आहे आणि बदलीची चिन्हं नाहीत.

तुमच्यासारख्या कुटुंबाला मी सांगेन की आधी एक आठवडा भाड्याने घ्या, तीही हंगाम नसताना, पाऊस-थंडीत. ऊन असताना कुठलीही गाडी आवडते. चौघं दोन दिवस आत अडकलात की जागा किती लागते आणि काय अजिबात लागत नाही ते आपोआप कळेल. कार दमदार असेल आणि एका जागी मुक्काम करून फिरायचं असेल तर ट्रेलर घ्या. रोज नवं गाव हवं असेल तर मोटरहोम, आणि तुम्हाला वाटतेय त्यापेक्षा एक माप लहान. घ्यायच्या आधी ती उभी कुठे करणार आणि फाटकाखालून, झाडाखालून जाते का, याचीही खात्री करा.

शेवटी पैसे देण्याच्या दिवशी. कागद, कर्जाचा बोजा, कंपनीने काढलेल्या सक्तीच्या दुरुस्त्या झाल्यात का हे चेसिस नंबरवरून तपासा. मग विकणाऱ्याला सगळं तुमच्यासमोर करायला लावा: पाणी भरणं, गरम पाणी सुरू करणं, ताडपत्री उघडणं आणि गुंडाळणं, टाक्या रिकाम्या करणं, हिवाळ्यासाठी नळांतलं पाणी काढणं. हे सगळं फोनवर चित्रित करून ठेवा. जे तो करून दाखवायला टाळाटाळ करेल ते बिघडलंय असं समजा आणि तेवढे पैसे भावातून कापा.