केमन बेटावर जाताना माझ्या कामाचे काय?

‘यांची नोकरी पक्की झाली, पण माझ्या कामाचे काय?’ हा प्रश्न परदेशी जाणाऱ्या कुटुंबांतील पत्नी, आणि अलीकडे काही पतीही, समुपदेशक म्हणून माझ्याकडे घेऊन येतात. येथे सांगते आहे तो अनुभव पुण्यातील एका ३६ वर्षांच्या बाईंचा आहे. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

खराडीतील एका परदेशी बँकेच्या कार्यालयात त्या ११ वर्षे केवायसी विभागात काम करत होत्या. ग्राहक कोण, त्याचा पैसा कुठून आला, कंपनीचा खरा मालक कोण, हे कागदपत्रांवरून तपासण्याचे ते काम. पती सनदी लेखापाल. त्यांना कॅरिबियन समुद्रातील केमन बेटांपैकी ग्रँड केमनवरील जॉर्ज टाउनमध्ये एका लेखापरीक्षण संस्थेत नोकरी देऊ केली गेली होती आणि तीन महिन्यांत निघायचे होते. बाईंनी राजीनाम्याचा मसुदाही लिहून ठेवला होता. ‘माझे काम पडद्यामागचे, तिथे मला कोण विचारणार?’ असे त्या म्हणाल्या. त्यातच सासूबाई प्रेमानेच बोलून गेल्या होत्या, ‘पगार एवढा चांगला आहे, मग तुला नोकरीची गरजच काय?’ ते वाक्य त्यांच्या मनात रुतून बसले होते आणि रात्रीची झोप उडाली होती.

पहिल्या दोन भेटींत मी घर सुटण्याच्या दुःखावर आणि भीतीवर काम केले. त्यांना बरे वाटे, पण आठवड्याभरात ती अस्वस्थता परत येई. माझ्या लक्षात यायला उशीर झाला की त्यांच्या भीतीच्या मुळाशी एक साधा, खरा आणि अनुत्तरित प्रश्न होता. तिथला कायदा मला काम करू देईल का, आणि माझ्या कामाला तिथे मागणी आहे का, हे त्यांना कोणीच सांगितले नव्हते. ज्या काळजीत माहितीची उणीव असते ती नुसत्या धीराने हटत नाही. म्हणून तिसऱ्या भेटीत आम्ही कोरा कागद पुढे घेतला.

एका नातेवाइकाने त्यांना सांगितले होते की कॅरिबियनमध्ये वर्षभर राहून लॅपटॉपवर काम करता येते. तशी योजना बार्बाडोसने २०२० मध्ये सुरू केली होती हे खरे. पण ती बाहेरच्या देशातील उत्पन्नावर जगणाऱ्यांसाठी आहे, त्यासाठी वर्षाला ५० हजार अमेरिकी डॉलर उत्पन्नाची अट आहे, आणि मुळात बार्बाडोस हा वेगळा देश आहे. केमन हा ब्रिटनच्या अखत्यारीतील प्रदेश, त्याचे नियम निराळे. तेथे कामाचा परवाना उमेदवार नव्हे, मालक मागतो. तो त्या मालकाशी आणि त्या पदाशी बांधलेला असतो, आणि जागेची जाहिरात आधी स्थानिकांसाठी द्यावी लागते. पतीच्या परवान्यावर अवलंबित म्हणून नाव असले तर राहता येते, काम करता येत नाही. त्यासाठी स्वतःचा परवाना लागतो. हे ऐकून बाई खूप वेळ गप्प राहिल्या, आणि मग म्हणाल्या, ‘निदान आता कळले तरी.’

बाजारपेठेचे चित्र मात्र त्यांच्या कल्पनेच्या अगदी उलट निघाले. या बेटांवर हजारो गुंतवणूक निधी नोंदलेले आहेत. फेब्रुवारी २०२१ ते ऑक्टोबर २०२३ या काळात केमनचे नाव काळ्या पैशाविरुद्धच्या आंतरराष्ट्रीय गटाच्या करड्या यादीत, म्हणजे त्रुटींमुळे जादा देखरेखीखाली ठेवलेल्यांच्या यादीत होते, आणि त्या काळात ग्राहक-पडताळणीचे नियम बरेच कडक झाले. म्हणजे ज्या कामाला त्या पडद्यामागचे म्हणत होत्या, ते तेथील अर्थव्यवस्थेच्या कण्याशी निगडित होते. त्यांनी मग कोणकोणत्या देशांतील कंपन्या आणि न्यास तपासले, किती गुंतागुंतीच्या मालकीरचना उलगडल्या, याची यादी करून स्वतःची माहिती नव्याने लिहिली. ती लिहिताना त्यांचा आवाज बदलत गेला, हे मी समोर बसून ऐकले.

जाहिरातींबाबत एक गोष्ट त्यांना आवर्जून सांगितली. परवान्याच्या नूतनीकरणासाठीही जाहिरात द्यावी लागते, त्यामुळे दिसणारी प्रत्येक जागा रिकामी असतेच असे नाही. नकार आला, किंवा उत्तरच आले नाही, तर तो स्वतःच्या लायकीवरचा निवाडा समजू नये.

(फिजिओथेरपिस्ट, परिचारिका, दंतवैद्य यांचे गणित वेगळे आहे. डॉ. देवी शेट्टी यांच्या पुढाकाराने २०१४ मध्ये तेथे रुग्णालय सुरू झाल्यापासून भारतीयांना सहज काम मिळते असा समज आहे; परंतु आरोग्यसेवेतील नोंदणीसाठी सर्वसाधारणपणे ब्रिटन, अमेरिका, कॅनडा, जमैका, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड किंवा दक्षिण आफ्रिका यांपैकी एका देशातील नोंदणी मागितली जाते. घर आवरायला घेण्याआधी याची चौकशी करावी.)

चौथ्या भेटीला पतीही आले. करारावर सही करण्यापूर्वी पत्नीच्या कामाबद्दल विचारले तर आपण आधीच अटी घालतो आहोत असे दिसेल, अशी त्यांना धास्ती होती. मी त्यांना विचारले की सही झाल्यावर हा प्रश्न कोणाला विचारणार आहात. त्यांनी दुसऱ्याच दिवशी पत्र लिहिले आणि संस्थेने बेटावरील एका भरती सल्लागाराशी गाठ घालून दिली. पैशाचाही हिशेब झाला. केमनमध्ये प्राप्तिकर नाही म्हणून पगार मोठा भासतो, पण सरकारचा महसूल बराचसा आयात शुल्कातून येत असल्याने किराणा महाग पडतो, आणि घरभाडेही भारी. एका पगारात किती महिने निभावेल, बाईंच्या स्वतःच्या खात्यात दरमहा किती रक्कम जाईल, हे दोघांनी लिहून काढले. राजीनामा मागे राहिला आणि त्यांनी एक वर्षाची बिनपगारी रजा मागितली. पोलीस पडताळणीचा दाखला आणि अनुभवाची पत्रे त्यांनी निघण्यापूर्वीच घेऊन ठेवली.

तेथे पोहोचल्यावर सातव्या महिन्यात एका निधी-व्यवस्थापन संस्थेने त्यांच्यासाठी आधी सहा महिन्यांचा तात्पुरता परवाना काढला, पुढे मोठ्या मुदतीचा. पद पुण्यातल्यापेक्षा एक पायरी खाली आहे आणि ते त्यांना बोचते. दर महिन्याला एकदा, तेथील सकाळी आठ वाजता, म्हणजे आपल्याकडे संध्याकाळी साडेसहाला, आम्ही बोलतो. सध्या आमचे बोलणे त्या बोचणीबद्दल असते.