‘तोंड बंद करणारं एखादं वचन सांगा’

प्रिय ताई,

मी आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, रविवारच्या शाळेला शिकवते. माझ्या थोरल्या बहिणीला तिचा नवरा मारतो. लग्नाला नऊ वर्षं झाली, मारहाण गेली चार वर्षं चालू आहे. गेल्या महिन्यात ती मुलाला घेऊन आईकडे निघून आली. आईने पाळकसाहेबांना बोलावलं. त्यांनी इफिसकरांस पत्रातून ‘स्त्रियांनो, आपापल्या पतीच्या अधीन असा’ हे वाचलं, मलाखी संदेष्ट्याच्या पुस्तकातून ‘मला सूटपत्राचा तिटकारा आहे’ हे घटस्फोटाबद्दलचं वाचलं, प्रार्थना केली आणि चौथ्या दिवशी तिला परत पाठवलं. मी जाब विचारायला गेले तर म्हणाले, ‘अभिषिक्ताला हात लावू नये, बाळ.’ अभिषिक्त म्हणजे देवाने नेमलेला माणूस, इथे ते स्वतः. मेहुण्यांचं नाव काढलं तर म्हणाले, ‘दोष काढू नका, असं प्रभूनेच सांगितलंय.’ आई म्हणते, तू शास्त्राला उलट बोलतेस. आता बायबल उघडलं की माझ्या छातीत धडधडतं. मंडळी सोडावी का? आणि ताई, मला असं एखादं वचन सांगा, की त्यांचं तोंडच बंद होईल.

– एक शिक्षिका

•

प्रिय शिक्षिके,

तुला मी ‘बाळ’ म्हणणार नाही. पंचवीस-तीस पोरांना दर रविवारी तासभर एका जागी बसवून ठेवणारी बाई बाळ नसते.

शास्त्राचं मागाहून बोलू. आधी बहीण. वचनांचा वाद कोण जिंकतं यावर तिचं घरातून बाहेर पडणं अवलंबून ठेवू नकोस. वाद वर्षभर चालेल, हात उद्याही उठेल. जखम झाली की डॉक्टरला खरं कारण सांगायचं आणि ते कागदावर लिहून घ्यायचं. फोटो तुझ्याकडे ठेव, तिच्या फोनमध्ये नको. तिची आणि मुलाची कागदपत्रं, थोडे पैसे, औषधं एका पिशवीत भरून घराबाहेर कुणाकडे तरी असू दे. घर सोडतानाचा आणि सोडल्यानंतरचा काळ सगळ्यांत धोक्याचा असतो, म्हणून ‘मी जाते’ असं नवऱ्याला आधी सांगायचं नाही. महिला हेल्पलाइनवर तूही फोन करून सल्ला घेऊ शकतेस, मार खाणाऱ्या बाईनेच करावा असं काही नाही. त्याने कधी गळा दाबला असेल तर मात्र पुढचं पत्र वाचूच नकोस, आधी पोलीस गाठ. आणि नवरा-बायकोला समोरासमोर बसवून केलेलं ‘समुपदेशन’ नको. त्याच्यासमोर जे बोलेल त्याची किंमत ती घरी गेल्यावर मोजेल.

आता शास्त्र. माझे वडील प्रचारक होते. कुणी एखादं वचन तोंडावर फेकलं की ते शांतपणे विचारायचे, ‘वरच्या ओळीत काय लिहिलंय?’ लहानपणी मला या प्रश्नाचा फार कंटाळा यायचा. आज तोच तुझ्या हातात देते.

इफिसकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायातल्या बाविसाव्या वचनाच्या वरची ओळ आहे, ‘ख्रिस्ताचे भय धरून एकमेकांच्या अधीन असा.’ एकमेकांच्या. गंमत म्हणजे सर्वांत जुन्या ग्रीक हस्तलिखितांत बाविसाव्या वचनाला स्वतःचं क्रियापदच नाही. ‘अधीन असा’ हे शब्द तिथे वरच्या ओळीतून घ्यावे लागतात. म्हणजे ते वचन वरच्यापासून कापलं तर वाक्यच उरत नाही. हे पत्र लिहिणाऱ्या पौलाने ते काही आकडे घालून लिहिलं नव्हतं. नव्या कराराला आज आपण वापरतो ते वचनांचे आकडे रोबेर एस्तिएन नावाच्या मुद्रकाने 1551 मध्ये घातले. सोय झाली खरी, पण वाक्यावाक्याला कात्री लावायच्या खुणाही तयार झाल्या. त्या उताऱ्यात बायकांसाठी तीन वचनं आहेत आणि पतींसाठी त्याच्या दुपटीहून जास्त. ख्रिस्ताने मंडळीसाठी स्वतःला दिलं तशी प्रीती करा, पत्नीला स्वतःच्या देहासारखं पोसा, जपा. पाळकसाहेबांनी हा भाग मेहुण्यांपुढे कधी वाचला का, एवढं विचार. उत्तर आपल्या दोघींना माहीत आहे.

मलाखीचं तर मला नवलच वाटतं, कारण तिथे वरच्या ओळीपर्यंतही जावं लागत नाही. ‘मला सूटपत्राचा तिटकारा आहे’ म्हटल्यावर तेच वचन पुढे आपली वस्त्रं जुलमाने माखणाऱ्या पुरुषाकडे वळतं. मूळ हिब्रू इथे अवघड आहे. काही नवी भाषांतरं पहिला भागही ‘जो पुरुष द्वेषाने बायकोला टाकतो’ असा घेतात. पण जुलूम सगळ्या भाषांतरांत आहे. संदेष्टा ज्यांना झापतोय ते तरुणपणीच्या बायकोशी विश्वासघात करणारे पुरुष आहेत. पदरात मूल घेऊन जीव वाचवायला आईकडे आलेल्या बाईला ते वचन ऐकवणं म्हणजे चोराला सोडून ज्याच्या घरी चोरी झाली त्याला कोठडीत घालणं.

घटस्फोट आणि पुनर्विवाह यांबाबत मंडळ्यांमध्ये खरोखरचे मतभेद आहेत, ते मी झाकत नाही. तुझी बहीण पुढे काय ठरवेल हा तिचा प्रश्न. पण वेगळं राहून जीव वाचवणं ही गोष्टच निराळी. विवाहबंधन तुटत नाही असं मानणारी कॅथलिक मंडळी घे. तिच्या 1983 च्या धर्मसंहितेतलं 1153 वं कलम सांगतं, की जोडीदारामुळे देहाला किंवा आत्म्याला गंभीर धोका असेल तर वेगळं होण्यास ते रास्त कारण आहे, आणि उशीर धोक्याचा असेल तर परवानगीसाठी थांबायचीही गरज नाही. इतकी कडक मंडळी जिथे दार उघडं ठेवते तिथे तुमच्या पाळकांनी कडी लावली.

‘दोष काढू नका’ यावर फार वेळ घालवत नाही. पुढेच कुसळ-मुसळ आहे, आणि तिथे प्रभू म्हणतो, आधी स्वतःच्या डोळ्यातलं मुसळ काढ, मग भावाच्या डोळ्यातलं कुसळ काढायला तुला नीट दिसेल. म्हणजे कुसळ काढायचं आहेच. त्याच अध्यायात लांडग्यांना मेंढरांच्या वेषात ओळखायलाही सांगितलंय. डोळे मिटून ते कसं जमायचं?

मला खरं थांबायचंय ते ‘अभिषिक्ताला हात लावू नका’पाशी. मंडळ्यांमध्ये हिशेब विचारणाऱ्याला, तक्रार करणाऱ्याला गप्प करायला हे वाक्य जितकं वापरलं जातं तितकं क्वचितच दुसरं वापरलं जात असेल. ते एकशे पाचव्या स्तोत्रात आहे. वरच्या ओळीत काय? अब्राहामाचं कुटुंब संख्येने मूठभर, परक्या देशांतून भटकणारं. आणि त्यांच्यासाठी देवाने राजांना दटावलं. म्हणजे हे वाक्य देव राजांना सुनावतोय, दुबळ्यांच्या वतीने. त्यामागची गोष्ट उत्पत्तीच्या विसाव्या अध्यायात आहे. अब्राहामाने जिवाच्या भीतीने सारेला ‘ही माझी बहीण’ म्हणून सांगितलं, अबीमलेख राजाने तिला नेलं, आणि देव स्वप्नात येऊन राजाला म्हणाला, मी तुला तिला हात लावू दिला नाही. हिब्रूत ‘स्पर्श करणे’ याचं जे क्रियापद तिथे आहे तेच स्तोत्रात आहे. पुन्हा वाच आणि शांतपणे विचार कर. ज्या बाईला तिच्याच नवऱ्याने संकटात लोटलं, तिला ज्याने हात लावला असता त्याला देवाने अडवलं. त्या वाक्याची आडपडदा न ठेवता केलेली ओळख ही अशी आहे. तुमच्या पाळकांनी ते बरोबर उलट्या बाजूने धरलं.

कुणी म्हणेल, दावीदाने आपल्या जिवावर उठलेल्या सौल राजाला अभिषिक्त म्हणून सोडून दिलं ना? गुहेत हाती सापडला तरी सोडलं. मारलं नाही. पण गुहेबाहेर येऊन सगळ्यांच्या देखत त्याला त्याचा अन्याय ऐकवला. सौल रडला, तू माझ्याहून नीतिमान आहेस असंही म्हणाला. मग सौल आपल्या घरी गेला आणि दावीद गडावर. पूर्वी आपल्यावर भाला फेकणाऱ्याच्या रडण्यावर भुलून दावीद त्याच्या पंगतीला परत जाऊन बसला नाही. क्षमा आणि परत जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे बहिणीला सांगायला मला याहून चांगली कथा सापडत नाही.

हे सगळं तुमच्याच मंडळीचं दुखणं आहे असं समजू नकोस. लंडनमध्ये 1807 साली वेस्ट इंडीजमधल्या गुलामांसाठी एक बायबल छापलं गेलं. त्यातून इस्राएल लोक मिसरातून सुटल्याची कथा गाळली होती, ‘दास नाही व स्वतंत्र नाही’ हे गलतीकरांतलं वचन गाळलं होतं. ‘दासांनो, आपल्या धन्यांच्या आज्ञा पाळा’ हे मात्र शाबूत होतं. जुन्या कराराचा सुमारे नव्वद टक्के भाग कापलेला. त्या कात्रीची निदान लाज वाटण्यासारखी नोंद कागदावर राहिली. एरवी अख्खं बायबल हातात धरून तेच काम नुसत्या बोटाने करता येतं. अमेरिकेत नोहाच्या शापाची कथा काळ्या लोकांच्या गुलामीला आधार म्हणून सांगितली गेली. नोहाने शाप दिला तो आपल्या नातवाला, कनानाला, आणि त्या कथेत कुणाच्या रंगाचा उल्लेखसुद्धा नाही. तिथल्या सदर्न बॅप्टिस्ट मंडळ्या 1845 मध्ये वेगळ्या झाल्या त्या गुलामीच्याच वादातून, आणि त्यांनी जाहीर माफी मागितली 1995 मध्ये. मधल्या दीडशे वर्षांत किती जण त्या बाकांवरून गुपचूप उठून गेले असतील याची नोंद कुठल्या रजिस्टरात सापडणार? मंडळीचं नुकसान असंच होतं. कुणी दार आपटून जात नाही. एक बाई येईनाशी होते, मग तिची बहीण, मग त्या दोघींची मुलं.

आता तुझी मागणी. तोंड बंद करणारं वचन मी देणार नाही. देता येईल. नाथान संदेष्टा दावीद राजाला तोंडावर म्हणाला, ‘तो मनुष्य तूच आहेस.’ पौलाने पेत्राला चारचौघांत विरोध केला. पण पाळकांनी जे केलं त्याचाच उत्तरार्ध मग तू करशील. मत्तयाच्या चौथ्या अध्यायात सैतानही स्तोत्र एक्याण्णव अगदी पाठ म्हणतो. शब्द बरोबर, हेतू खड्ड्यात. आणि मी काही धुतल्या तांदळासारखी नाही. मूल गेलेल्या मैत्रिणीला मी यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातलं ‘तुमच्याविषयी माझ्या मनात हिताचे संकल्प आहेत’ हे सुंदर अक्षरात लिहून पाठवलं होतं. वरच्या ओळीत सत्तर वर्षांचा बंदिवास आहे हे मी पाहिलंच नव्हतं. ते वचन ज्या पत्रात आहे ते बाबेलात धरून नेलेल्यांना ‘लवकर सुटका होणार नाही, घरं बांधा, बागा लावा’ असं सांगणारं आहे. मैत्रीण काही बोलली नाही. पुढे कधीतरी म्हणाली, कार्ड पालथं घालून ठेवलं होतं.

पाळकांकडे एकटी जाऊ नकोस. ‘आधी एकांतात सांग’ हे मत्तयातलं वचन तुला ऐकवतील. ते भावाभावांतल्या अपराधाबद्दल आहे. ज्याच्या हातात सत्ता आहे त्याच्या खोलीत एकटं जाण्याची सक्ती त्यात नाही. तीमथ्याला पौल सांगतो, की वडिलांवरचा, म्हणजे मंडळीच्या पुढाऱ्यांवरचा, आरोप दोन-तीन साक्षीदारांशिवाय ऐकू नकोस, आणि लगेच पुढे, जे पाप करतात त्यांना सगळ्यांसमोर ताकीद दे. तेव्हा मंडळीतली दोन विश्वासाची माणसं सोबत घे, काय घडलं ते तारखांसकट लिहून वडीलजनांना दे. पण बहिणीने हो म्हटल्याशिवाय तिचं नाव एकाही कागदावर येता कामा नये. महिन्याभरात त्यांनी काय केलं ते बघ. तिच्या सुरक्षेपेक्षा पाळकांच्या अब्रूची काळजी जास्त दिसली, तर दुसरी मंडळी शोध, आणि त्याला विश्वासत्याग म्हणणाऱ्यांकडे लक्ष देऊ नकोस. रविवारच्या शाळेचं मला वाईट वाटेल, पण मुलं शिक्षिकेच्या पाठोपाठ येतात असा माझा अनुभव आहे.

बायबल उघडताना धडधडतंय, तर सध्या उघडू नकोस. देव रागावणार नाही. उघडावंसं वाटेल तेव्हा वचनं नको, एखादी अख्खी गोष्ट वाच. रूथ वाच, चार अध्यायांची आहे, एका बैठकीत होते.

आईशी वचनांनी भांडू नकोस. ती शास्त्राचं नाव घेते असं तू लिहिलंयस. मला वाटतं तिला लोकांची भीती आहे, आणि कदाचित तिला स्वतःलाही कधीतरी असंच परत पाठवलं गेलं असेल. विचारून बघ, पण वाद चालू असताना नको.

एक गोष्ट राहिली. तुझं पत्र मी तीनदा वाचलं. त्यात पाळकांची वाक्यं आहेत, आईचं आहे, तुझी तर आहेतच. बहिणीचं एकही नाही. चार दिवस ती त्या घरात होती, तेव्हा तिला काय हवं होतं हे कुणी विचारलं का? आज दुपारी, नवरा घरी नसेल अशा वेळी, तिला फोन कर. तिने आधी बोलू दे.

तुझी,
ताई