दोन महिन्यांच्या उन्हाळ्यात बेचाळीस जुने व्हिडिओ गेम संपवणं जमेल का? सुरुवात कुठून करू?

बेचाळीस गेमची यादी, दोन महिन्यांची सुट्टी, वाशीमकडचं गाव अन् एक जुना लॅपटॉप, असा तुमचा हिशोब. दिवसाआड एक संपवला तरी तीसेक होतात, उरलेले रविवारी जोडीनं, असं तुम्ही म्हणता. शिवाय सेव्ह स्टेट, म्हणजे खेळ हवा तिथं साठवून मेल्यावर तिथूनच पुन्हा सुरू करायची सोय, वापरली तर ती लबाडी धरायची का, हेही विचारलंय.

हिशोब कागदावर बरोबर आहे, गावात चुकतो. मी दारव्ह्याकडे एका कृषी केंद्रात कामाला आहे. जूनमध्ये आम्हाला जेवायला वेळ नसतो, एप्रिल-मेमध्ये मात्र काउंटरवर बसून माशा मारायच्या. तीन वर्षांमागे असाच मोकळा उन्हाळा पाहून मी बिलबुकाच्या मागच्या पुठ्ठ्यावर एकतीस गेम लिहून काढले. मृग लागला तेव्हा सातांवर काट बसली होती, अन् त्यातलीही एक अर्धीच. त्या अर्ध्या काटेचं शेवटी सांगतो.

आधी एक लक्षात घ्या, हे गेम लांब नाहीतच. कॉन्ट्रा न मरता खेळलात तर आठही स्टेज अर्ध्या तासाच्या आसपास होतात. १९८५ चा सुपर मारिओ ब्रदर्स तर सराईत लोक लपलेल्या पाइपांतून उड्या मारत पाच मिनिटांच्या आत संपवतात. अख्खा मारिओ ४० केबीचा आहे. तुमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर सकाळी येणारा गुलाबाच्या फुलाचा ‘शुभ सकाळ’ बहुतेक वेळा त्याहून जड असतो. जागेची इतकी मारामार की वरचा ढग अन् खालचं झुडूप हे एकच चित्र, फक्त रंग बदललेला. (हे एकदा दिसलं की पुन्हा न दिसणं शक्य नाही, त्याबद्दल माफी.) एवढ्याशा मालात पोराला महिनाभर गुंतवायचं तर उपाय एकच, त्याला मारत राहायचं. त्यातही कॉन्ट्रा आधी १९८७ साली नाणं टाकून खेळायच्या मशीनवर आला, घरच्या टीव्ही गेमच्या डब्यावर १९८८ ला. अन् तुम्ही जितके लवकर मराल तितकी त्या मशीनची बोहनी चांगली.

म्हणून या यादीचा हिशोब तासांनी लागत नाही, हात बसण्यानं लागतो. भाकरी थापण्यासारखं आहे. पहिल्या पंधरा फाटतात, सोळावी अचानक गोल येते, अन् काय बदललं ते तुम्हालाही सांगता येत नाही. एका गेमला हात बसायला मला चार-पाच दुपारी लागायच्या. रोज नवा गेम उघडलात तर बेचाळीस गेमच्या फक्त पहिल्या स्टेज तेवढ्या पाठ होतील.

आता एक गोष्ट, जी मला कोणी सांगितली असती तर पहिला आठवडा वाया गेला नसता. लॅपटॉपवर मारिओ सुरू केला की तुम्हाला वाटेल, हा लहानपणीपेक्षा वेगात पळतोय. वयामुळे असेल म्हणून मी गप्प बसलो होतो. पण तो खरंच वेगात पळतो. मूळ जपानी अन् अमेरिकन मशीन सेकंदाला ६० चित्रं काढायची. आपल्याकडचे टीव्ही पाल पद्धतीचे, सेकंदाला ५० वाले. त्यामुळे लिटल मास्टर, मीडिया असे जे टीव्ही गेमचे डबे आपल्या घरी असायचे, फॅमिकॉम या १९८३ च्या जपानी मशीनच्या नकला सगळ्या, ते आपल्या टीव्हीसाठी ५० वरच चालवायचे. अन् या गेमचं सगळं घड्याळ चित्रांवर बांधलेलं. म्हणजे आपला मारिओ मुळात सहाव्या हिश्शानं हळू होता. तुमचा हात लहानपणी बसला तो त्या वेगावर. खड्डा आला की अंगठा जुन्या ठोक्यावर दाबला जातो अन् तुम्ही खड्ड्यात.

एफसीईयूएक्स किंवा मेसेन हे एम्युलेटर, म्हणजे जुन्या मशीनची नक्कल करून तिचे गेम लॅपटॉपवर चालवणारे प्रोग्राम, घेतलेत तर त्यांच्या रीजनच्या सेटिंगमध्ये ‘डेंडी’ असा पर्याय असतो. डेंडी हा रशियातला, आपल्या डब्यांचाच भाऊबंद. तो निवडा, लहानपणचा मारिओ परत येईल. मी आठवडाभर डेंडीवर खेळलो, मग मुद्दाम ६० वर गेलो. ज्याला नव्यानं शिकायचंय त्यानं सरळ ६० वरच शिकावं, दोनदा हात बसवण्यात अर्थ नाही.

गेम कुठून आणायचे ते तुम्ही विचारलं नाहीत. दुसऱ्याच्या मालकीच्या रॉम, म्हणजे या गेमच्या फाइली, फुकट उतरवून घेणं कायद्यात बसत नाही, एवढं सांगून पुढे जातो. पण कॉन्ट्राच्या जुन्या गेमचा संच तो बनवणाऱ्या कोनामी कंपनीनंच २०१९ ला स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात काढला आहे. जे काही विकत घ्याल ते शहरात असतानाच उतरवा अन् एकदा चालू करून बघा. गावी पोचल्यावर गच्चीच्या कोपऱ्यात हात वर करून ‘रेंज आली का’ बघत बसाल, तसं नको.

वेळापत्रकाचं म्हणाल तर ते तुम्ही ठरवायचं नाहीच, ते ऊन ठरवतं. मे महिन्यात आमच्याकडे सकाळी दहानंतर वावरात कोणी थांबत नाही. पहाटे धसकटं वेचायची, वखरणी उरकायची, अन् अकरा वाजता घरात शिरायचं ते ऊन उतरेपर्यंत. बाहेर ४५ डिग्री, घरात कूलर. हे चार-पाच तास तुमचे. संध्याकाळ सोडून द्या. संध्याकाळी पाव्हणे येतात, पाणी भरायचं असतं, आई कुरडया गच्चीवरून उतरवायला लावते.

लॅपटॉप गादीवर ठेवू नका, खालून हवा बंद होते अन् तो कूलरपेक्षा मोठा आवाज करू लागतो. कूलरच्या अगदी तोंडासमोरही नको, ओलसर वारा थेट आत जातो. मी लाकडी पाटावर ठेवायचो, कूलरला आडवा. दुपारी दोनच्या सुमारास सगळं गाव कूलर लावतं अन् व्होल्टेज बसतं. तेव्हा चार्जर काढून ठेवलेला बरा, अर्थात तुमची बॅटरी जिवंत असेल तर. माझी नव्हती.

आता खुद्द यादी. ती न पाहताही सांगतो, तिच्यात पाच-सात धोंडे असणार. व्हाइस सिटी, एज ऑफ एम्पायर्स, एखादा पोकेमॉन. वाईट आहेत म्हणून नाही म्हणत, पण हे उन्हाळा गिळतात. त्यातला एकच ठेवा, तोही फोनवर, रात्री गच्चीत बाजेवर पडून खेळायला. मी पोकेमॉन फायररेड ठेवला होता, आठांपैकी पाच बॅज झाले. ‘९९९९९९९ इन १’ कॅसेटच्या आठवणीनं लिहिलेली नावंही खोडा, त्यात मुळात दहा-बाराच गेम असायचे अन् बाकी त्यांचेच रंग बदललेले अवतार. डक हंट पिस्तुलानं खेळायचा विचार असेल तर तोही सोडा. ते पिस्तूल पिक्चर ट्यूबच्या टीव्हीचा लखलखाट ओळखून चालतं, आताच्या सपाट टीव्हीवर सगळी बदकं अमर. माउसनं खेळता येतो, पण मग ते बदक मारणं नाही, फाइल सिलेक्ट करणं वाटतं.

सुरुवात टँकपासून करा. म्हणजे बॅटल सिटी, नामको कंपनीचा, १९८५ चा. ३५ स्टेज, आपला गरुड सांभाळायचा, दोघांनी मिळून. दोन साधे यूएसबी रिमोट घ्या, कारण एका कीबोर्डवर दोघं बसले की कोपरांची मारामारी होते. यात एकमेकांना गोळी लागली की माणूस मरत नाही, नुसता काही क्षण गोठतो, अन् घरातली निम्मी भांडणं तिथूनच सुरू होतात. माझा अकरा वर्षांचा भाचा अमरावतीहून आला होता. दिवसभर फोनवर बंदुकीचे गेम खेळणारं पोट्टं. पहिल्या दिवशी म्हणाला, “मामा, हे तं काहीच नाही. कार्टून आहे.” तिसऱ्या दिवशी त्याला कन्स्ट्रक्शनचा पर्याय सापडला, ज्यात आपणच नकाशा बांधायचा असतो. त्यानं गरुडाभोवती चहूबाजूंनी लोखंडी भिंत उभी केली. साध्या विटा नाहीत, लोखंड. शत्रूच्या गोळ्या आदळून आदळून थकल्या. दहा मिनिटं तो खुशीत होता, मग कंटाळला अन् स्वतःच म्हणाला, “आता यात मजाच नाही राहिली बापा.” अन् एका बाजूनं भिंत काढून टाकली. सेव्ह स्टेटबद्दल मला जे सांगायचंय त्यातलं निम्मं त्यानं तिथंच सांगून टाकलं होतं.

एकट्यानं खेळायला प्रिन्स ऑफ पर्शिया घ्या. जॉर्डन मेकनर नावाच्या माणसानं जवळपास एकट्यानं बनवलेला, १९८९ चा. धावणं-उड्या इतक्या खऱ्या वाटतात कारण त्यानं आपल्या लहान भावाला पळायला लावून त्याचं चित्रण केलं अन् त्यावरून एकेक चित्र काढलं. डॉसबॉक्समध्ये, म्हणजे जुने डॉसचे गेम चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये, चालतो. वेग कमी-जास्त वाटला तर कंट्रोल धरून एफ ११ अन् एफ १२. यात राजकन्येला सोडवायला ६० मिनिटं असतात, अन् ती खरी घड्याळातली मिनिटं. कितीही वेळा मरा, घड्याळ मागे येत नाही. म्हणून पहिल्या चार-पाच खेपा संपवायचा नादच धरू नका. कुठली फरशी हलते, कुठं काटे निघतात, कोणत्या शिपायाला किती वेळ द्यायचा, एवढंच हेरा. आठव्या लेव्हलला मी बंद दाराआड अडकलो. सगळी बटणं दाबून झाली होती. वैतागून पाणी प्यायला उठलो, परत आलो तर पडद्यावर डाव्या-उजव्या कुठल्याशा बाजूनं एक पांढरा उंदीर तुरुतुरु आला, बटणावर चढला अन् दार उघडलं. राजकन्येनं पाठवलेला. काहीच न करता थांबून राहणं हेच तिथं उत्तर होतं. आई मागं गहू निवडत बसली होती, ती म्हणे, “उंदीर हाये का तो? मंग कणगीतला नाही ना?”

डेंजरस डेव्ह एका दुपारचा आहे, दहा लेव्हल, कप घ्या अन् दारातून निघा. शाळेच्या लॅबमध्ये तो कोणी पूर्ण करू दिला नसेल, तर तो राग काढून घ्या.

आता कॉन्ट्रा अन् सेव्ह स्टेट. ३० जीवांचा कोड तुम्हाला माहीत असेलच. वर वर खाली खाली, डावं उजवं डावं उजवं, बी, ए, स्टार्ट. तो कोड कोनामीच्या काझुहिसा हाशिमोतो यांनी १९८६ ला ग्रॅडियस या दुसऱ्याच गेमसाठी घातला होता, कारण तपासणी करायला तो गेम त्यांनाच जड जात होता. म्हणजे बनवणाऱ्यालाच झेपत नव्हतं, तिथं आपण लाजायचं कारण नाही. शिकताना कोड वापरा. सेव्ह स्टेट मात्र दर उडीआधी दाबू नका. तसं केलं की हात बसतच नाही. तुम्ही शेवटी पोचता, पण पुन्हा पहिल्यापासून खेळायला बसलात तर तिसऱ्या मिनिटाला मेलेले असता.

भाच्यानं अन् मी तसंच ठरवलं होतं, कोड नाही, सेव्ह नाही, तीन-तीन जीव. तिसरी स्टेज धबधब्याची. तिथं वर चढायचं असतं, अन् जो पुढं चढतो त्याच्यासोबत पडदा वर सरकतो. मागं राहिलेला खालून पडद्याबाहेर गेला की मेला. मी चढलो की तो मरायचा, तो चढला की मी. “थांबा ना मामा! तुम्ही काहून पळता?” आठवडाभर आमचा धबधबाच चालला. मग आपोआप मोजणी सुरू झाली, ‘एक... दोन... उडी’, अन् त्या दिवसापासून सगळं बदललं. पुढं तो शत्रूंवर गोळ्या झाडायचा, मी वरच्या तोफा घ्यायचो, अन् एस वाली, एकदम पसरून गोळ्या मारणारी बंदूक आली की ज्याच्याकडे नाही त्याला द्यायची, न बोलता.

भाच्याची परत जायची एसटी दुसऱ्या दिवशी सकाळची होती. नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यात तापलेले नऊ दिवस, चालू होता, दुपारचे सव्वातीन. आम्ही आठव्या स्टेजच्या शेवटी, त्याचा एक जीव उरलेला, माझा शेवटचाच. समोर ते लालभडक हृदय धडधडतंय, भोवतीच्या अंड्यांतून विंचवासारखं काहीतरी सटासट सुटतंय, भाचा मोजतोय. अन् लाइन गेली. कूलर हळूहळू थांबत गेला, पण लॅपटॉपची बॅटरी मेलेली असल्यानं तो एका झटक्यात काळा. बाहेर आई कोणाला तरी विचारत होती, आपल्याच घरची गेली का साऱ्या गावाची.

लाइन आली रात्री नऊला. पुन्हा बसलो तर पाचव्या स्टेजलाच दोघं गारद. सकाळी बॅग भरून झाल्यावर भाच्यानं बिलबूक मागितलं, कॉन्ट्राच्या नावावर निम्म्यापर्यंत रेघ ओढली अन् पेन परत दिला.

तर, उडी चुकेल म्हणून सेव्ह करू नका, लाइन जाईल म्हणून करा. दर स्टेजच्या सुरुवातीला एकदा, बास. अन् गावी यायच्या आधी लॅपटॉपची बॅटरी किती वेळ टिकते ते बघून घ्या. मी त्याच आठवड्यात यवतमाळला जाऊन नवी टाकून आलो.