अकरावीत आहे, बारावीनंतर पदवीसाठी परदेशात जायचंय. देश अजून ठरलेला नाही, खर्चाचं नंतर बघू. सुरुवात सॅटपासून करू का? नेमका क्रम काय?

सॅट, म्हणजे अमेरिकी कॉलेजांच्या प्रवेशासाठीची परीक्षा, थोडी बाजूला ठेवा. तुम्ही लिहिलंय की देश अजून ठरलेला नाही आणि खर्चाचं 'नंतर बघू'. नेमकं हेच उलटं करायला हवं. आधी घरच्यांबरोबर बसून एक आकडा काढा: कर्ज धरून दरवर्षी किती पैसे उभे राहू शकतात? एका वर्षाचा नाही, सलग तीन-चार वर्षांचा. कॉलेजांची अर्धी यादी तो आकडाच करून देतो.

अमेरिकेत फायनॅन्शियल एडची (कॉलेजकडून मिळणाऱ्या आर्थिक मदतीची) मेख अशी आहे की बहुतेक कॉलेजं परदेशी विद्यार्थ्याने मदत मागितली तर निवड करताना ते विचारात घेतात. म्हणजे तितक्याच गुणवत्तेचा, पण पूर्ण फी भरणारा विद्यार्थी पुढे जाऊ शकतो. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, ॲमहर्स्ट, डार्टमथ, बोडिन अशी मोजकी ठिकाणं परदेशी अर्जदारांसाठीही 'नीड-ब्लाइंड' आहेत. मागणीचा निवडीवर परिणाम होत नाही आणि निवड झाली तर गरजेइतकी मदत देतात. पण तिथे निवड होणं इतकं अवघड आहे की फक्त याच नावांची यादी करणं म्हणजे लॉटरी. मोठी सरकारी विद्यापीठं परदेशी मुलांना सहसा फारच कमी मदत देतात. सगळ्यात महागात पडणारी चूक वेगळीच आहे: 'आधी प्रवेश मिळू दे, मग मदत मागू' म्हणून अर्जात 'मदत नको' यावर टिक करणं. अनेक कॉलेजांत अर्जाच्या वेळी मदत मागितली नाही तर पुढची चारही वर्षं मागता येत नाही. फॅफ्सा हा अमेरिकी सरकारी मदतीचा फॉर्म तुमच्यासाठी नाही. परदेशी विद्यार्थ्यांकडून बहुतेक वेळा सीएसएस प्रोफाइल हा घरच्या आर्थिक स्थितीचा ऑनलाइन फॉर्म मागतात. त्यात पालकांचं उत्पन्न, बचत, मालमत्ता सगळं भरावं लागतं आणि कागद इंग्रजीत नसतील तर भाषांतर लागतं, म्हणून हे काम अर्जाच्या आदल्या आठवड्यावर ढकलू नका.

'जर्मनीत शिक्षण फुकट' हे बरंचसं खरं आहे. बहुतेक सरकारी विद्यापीठांत ट्यूशन फी नाही. मात्र बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्य युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून २०१७ पासून दर सत्राला १,५०० युरो घेतं आणि म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठानेही अशा विद्यार्थ्यांना फी लावली आहे. राहण्या-खाण्याची सोय दाखवण्यासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाचे ११,९०४ युरो आधीच भरावे लागतात (सप्टेंबर २०२४ पासूनचा आकडा). तिथे गेल्यावर त्यातून महिन्याला ९९२ युरो काढता येतात. खरी अडचण पैशांची नाहीच. अनेक देशांचं बारावीचं प्रमाणपत्र तिथे थेट प्रवेशाला पुरत नाही. मग स्टुडियनकोलेगमध्ये साधारण वर्षभराचा तयारीचा अभ्यासक्रम करून शेवटची परीक्षा द्यावी लागते. तुमचं प्रमाणपत्र कुठल्या गटात बसतं ते अनाबिन या सरकारी डेटाबेसमध्ये आजच बघा. शिवाय पदवीचे बहुतेक अभ्यासक्रम जर्मन भाषेत आहेत आणि तिथली पातळी शून्यापासून सहा महिन्यांत गाठता येत नाही.

ब्रिटनमध्ये शिष्यवृत्त्या कमी, पण इंग्लंडमध्ये पदवी तीन वर्षांची आहे, म्हणजे एका वर्षाचा खर्च वाचतो. स्कॉटलंडमध्ये चार वर्षं.

आता वेळापत्रक. अमेरिकेसाठीचं कॉमन ॲप (अनेक कॉलेजांना एकत्र अर्ज करायचं पोर्टल) दरवर्षी १ ऑगस्टला नव्याने उघडतं. त्यात जास्तीत जास्त २० कॉलेजं, १० उपक्रम (प्रत्येकाच्या वर्णनाला फक्त १५० अक्षरं) आणि २५० ते ६५० शब्दांचा निबंध. शिवाय बहुतेक नामवंत कॉलेजं आपापले वेगळे छोटे निबंध मागतात. वेळ खरा तिथे जातो. आठ-दहा कॉलेजांच्या पुढे गेलात तर हे निबंध एकमेकांची नक्कल वाटायला लागतात. अर्ली डिसिजनची (एकाच कॉलेजला लवकर करायच्या अर्जाची) मुदत बहुधा १ किंवा १५ नोव्हेंबर, नियमित अर्जांची जानेवारीच्या सुरुवातीला. अर्ली डिसिजन बंधनकारक असतं: निवड झाली की बाकी सगळे अर्ज मागे घ्यायचे. मिळालेली मदत पुरेशी नसेल तर त्यातून बाहेर पडता येतं, पण दुसऱ्या कॉलेजची ऑफर शेजारी ठेवून तुलना करता येत नाही. पैसा निर्णायक असेल तर माझ्या मते हा मार्ग टाळावा.

ब्रिटनसाठी युकॅस या विद्यापीठांच्या सामायिक अर्ज-पोर्टलवर पाच पर्याय. ऑक्सफर्ड, केंब्रिज, वैद्यक, दंतवैद्यक आणि पशुवैद्यक यांची मुदत १५ ऑक्टोबर, बाकीच्या बहुतेकांची जानेवारीच्या मध्यात. ऑक्सफर्ड आणि केंब्रिज दोन्हीकडे एकाच वर्षी अर्ज करता येत नाही. तिथल्या अनेक विषयांना वेगळी प्रवेश चाचणी आहे आणि तिची नोंदणी १५ ऑक्टोबरच्या आधीच बंद होते. इथे बरेच जण फसतात. २०२६ च्या प्रवेशापासून पर्सनल स्टेटमेंट (युकॅसच्या अर्जातलं स्वतःबद्दलचं लेखन) तीन प्रश्नांत विभागलंय, मिळून ४,००० अक्षरं. पाचही विद्यापीठांना तोच मजकूर जातो, त्यामुळे दोनाला संगणकशास्त्र आणि तिनाला अर्थशास्त्र असं केलंत तर तो कुणालाच पटत नाही. अमेरिकेच्या निबंधात माणूस दिसायला हवा, इथे विषयाची ओढ. एकच मजकूर दोन्हीकडे चालत नाही.

परीक्षांचं थोडक्यात. सॅट आता संगणकावर होते, २ तास १४ मिनिटांची, १,६०० गुणांची. एमआयटी, हार्वर्ड, कॅलटेक यांनी ती पुन्हा सक्तीची केली आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या कॅम्पसांवर निवड करताना सॅटचे गुण बघतच नाहीत. म्हणून यादी आधी, नोंदणी नंतर. द्यायचीच असेल तर पहिला प्रयत्न अकरावी संपायच्या आत, म्हणजे दुसऱ्याला जागा उरते. आयईएलटीएस आणि टोफेल या इंग्रजीच्या परीक्षांचा निकाल दोन वर्षंच ग्राह्य असतो, फार लवकर देऊन ठेवू नका.

सगळ्यात जास्त अर्ज रखडतात ते शाळेच्या कागदांवर. अमेरिकेला नववीपासूनच्या गुणांची ट्रान्सक्रिप्ट, शाळेची माहिती देणारं पान, समुपदेशकाचं पत्र, बहुधा दोन विषयशिक्षकांची पत्रं आणि बारावीच्या मध्यावरचे गुण लागतात. शाळेत समुपदेशक नसेल तर मुख्याध्यापक ते काम करू शकतात, पण पोर्टलवर फॉर्म कसा भरायचा हे त्यांना शेजारी बसून दाखवावं लागतं. शिक्षकांचा ईमेल शक्यतो शाळेचा असावा. टक्केवारी स्वतःच्या हिशेबाने जीपीएमध्ये (अमेरिकी पद्धतीच्या ग्रेड-सरासरीत) बदलू नका. शाळा ज्या पद्धतीने गुण देते तेच लिहा. शिफारसपत्र बघण्याचा अधिकार सोडण्याचा एक प्रश्न कॉमन ॲपमध्ये येतो. तिथे तो अधिकार सोडा, नाहीतर पत्राला वजन राहत नाही. आणि शिक्षकांना किमान सहा आठवडे आधी, एका पानावर नेमके प्रसंग लिहून द्या: कुठला प्रकल्प, कुठे अडलात, काय विचारलंत. नाहीतर 'आज्ञाधारक आणि कष्टाळू' एवढंच लिहिलेलं पत्र जातं.

ऑफर आल्यावर व्हिसा. अमेरिकेसाठी कॉलेजकडून आय-२० (व्हिसासाठी लागणारा प्रवेशाचा फॉर्म) आला की ३५० डॉलरची सेविस फी (परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदणीची फी) भरा. दोन कॉलेजांचे आय-२० हातात असतील तर जिथे खरंच जाणार आहात त्याच आय-२० वरच्या क्रमांकाने भरा. अभ्यासक्रम सुरू होण्याच्या ३० दिवसांहून आधी देशात शिरता येत नाही, तिकीट त्याप्रमाणे काढा. ब्रिटनसाठी लागणारी रक्कम खात्यात सलग २८ दिवस पडून हवी. मध्ये एक दिवस जरी कमी झाली तरी अर्ज नाकारला जाऊ शकतो. खातं पालकांचं असेल तर जन्मदाखला आणि त्यांचं संमतीपत्र जोडा. पासपोर्ट, शाळेचा दाखला आणि अर्ज यांवर नाव अक्षरशः सारखं आहे ना, हे मात्र आत्ताच तपासा, कारण दाखल्यावरची दुरुस्ती महिनोन्‌महिने चालते. बारावीचा अंतिम निकाल शाळेने थेट विद्यापीठाला पाठवायचा असतो, तेव्हा सुट्टीत तो कोण पाठवणार हे शाळा बंद व्हायच्या आधी विचारून ठेवा.