स्वतःचा ट्रक घेऊ की कंपनीचाच चालवू?

प्रश्न: नमस्कार. मी डिचोलीचा, वय ३६. वेर्ण्याच्या एका कंपनीत नऊ वर्षं ड्रायव्हर आहे, माल घेऊन भिवंडीला जातो, पगार २२ हजार, ट्रिपचा भत्ता वेगळा, पीएफ कापतात. आता मेव्हण्याच्या ओळखीतला एकजण २०१७ चा दहाचाकी विकतोय, १४ लाख म्हणतो. ४ लाख मी दागिने गहाण ठेवून उभे करीन, बाकी १० लाख फायनान्स, चार वर्षं, १४ टक्के. मेव्हणा म्हणतो डिझेल टोल जाऊन ट्रिपमागे १० हजार कुठे गेले नाहीत, महिन्याला पाच ट्रिपा मारल्या की ५० हजार. दुसरा एकजण म्हणतो टिपर (खनिज वाहणारा, मागून उलटणारा ट्रक) घे आणि खाणीवर लाव. बायको नको म्हणते. पण किती वर्षं दुसऱ्याचीच गाडी चालवायची?

उत्तर: भाऊ, मेव्हण्याचा ५० हजारांचा आकडा खराच आहे असं धरून चालू, भांडायलाच नको. १० लाखांचा हप्ता चार वर्षांसाठी १४ टक्क्यांनी २७,३०० च्या आसपास बसतो. उरले २२,७००. इन्शुरन्स, त्यातही नुसता थर्ड पार्टी (दुसऱ्याच्या नुकसानीपुरता, सक्तीचा) धरला तरी या वजनाच्या गाडीला वर्षाला ४४ हजारांच्या घरात, वर जीएसटी, म्हणजे महिन्याला ३,८०० तरी बाजूला काढा. टायर दहा आहेत, नवा रेडियल वीस-पंचवीस हजाराला एक पडतो, आणि तुमच्या पाच ट्रिपांनी गाडी महिन्याला सहा हजार किलोमीटर पळणार, मग रिमोल्ड करून (जुन्या टायरवर नवं रबर चढवून) वापरले तरी महिन्याला १० हजार टायरच्या नावाने ठेवायलाच लागतात. नॅशनल परमिटचे वर्षाला १६,५००. सगळं वजा केलं की राहतात साडेसात हजार, आणि अजून ऑइल, ग्रीस, स्प्रिंगचे पाटे, क्लच, रोड टॅक्स, पासिंग यातलं काहीच धरलेलं नाही.

म्हणजे गाडी तुमची झाली, पण तिने ड्रायव्हर ठेवलाय साडेसात हजारात, आणि तो ड्रायव्हर तुम्हीच. आपल्याकडे बहुतेक जण इथंच फसतात, स्वतः स्टेअरिंगवर बसतात म्हणून स्वतःचा पगार खर्चात धरतच नाहीत आणि जे उरतं त्याला नफा म्हणतात. तुम्हाला आज कंपनी २२ हजार देते ना, मग गाडीने आधी ते २२ हजार आणि भत्ता द्यायचा, त्याच्यावर जे सुटेल ती गाडीची कमाई.

आता तो दहा हजारांचा आकडा किती नाजूक आहे ते बघा. भिवंडी येऊन-जाऊन साधारण बाराशे किलोमीटर धरा, लिटरला चारचं ॲव्हरेज आणि ९० रुपये डिझेल धरलं तर ३०० लिटर, २७ हजार रुपये. जुन्या इंजिनाने चारऐवजी साडेतीन दिलं तर ट्रिपमागे जवळजवळ चार हजार तिथंच गेले, महिन्याला वीस हजार. कंपनीच्या गाडीत हे तुमच्या खिशाला लागत नाही म्हणून जाणवत नाही.

आणि गोव्याची म्हणून एक वेगळी भानगड आहे जी मेव्हणा सांगणार नाही. आपल्याकडे येतं जास्त, जातं कमी. बेळगावची भाजी, सिमेंट, सळ्या, किराणा, सगळं बाहेरून येतं, आणि त्या गाड्या खाली करून परत जायच्याच असतात, त्यांना इथून मिळेल ते भाडं चालतं, डिझेल निघालं तरी खूष. तुमच्यासाठी वेर्णा-भिवंडी हे मुख्य भाडं, त्या कोल्हापूर-मुंबईच्या गाडीवाल्यासाठी ते रिटर्न भाडं. तो कमीत नेणार, दलाल तुम्हाला त्याचाच रेट दाखवणार. त्यामुळे दोन्ही बाजूचा माल कोण देणार हे ठरल्याशिवाय गाडीकडे बघायलाही जाऊ नका. भिवंडीत तीन-तीन दिवस भाड्याची वाट बघत उभं राहिलं तर पाच ट्रिपांच्या तीन होतात, हप्ता मात्र तेवढाच. शिवाय ॲडव्हान्स हातात येतो, बॅलन्स पोच (माल मिळाल्याची सही केलेली पावती) दिल्यावर, आणि ‘पोच दिल्यावर’ म्हणजे कधी महिना कधी दीड महिना. तोवर डिझेल कोण टाकणार? तीन हप्ते आणि दोन ट्रिपांचं डिझेल एवढी रोकड वेगळी नसेल तर दागिने सोडवायचं बाजूलाच राहिलं.

टिपरचं तर मी सरळ नको म्हणतो. २०१२ साली सप्टेंबर-ऑक्टोबरात खाणी बंद झाल्या, मग सुरू झाल्या, परत फेब्रुवारी २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने ८८ लीजेस रद्द केली आणि मार्चच्या मध्यापासून सगळं ठप्प. तुम्ही डिचोलीचेच, घराशेजारी चाकं मातीत रुतलेले टिपर तुम्हाला मी काय सांगू. आता लिलाव होऊन काही खाणी चालू झाल्यात हे खरं, पण पावसात खनिज हलत नाही, हप्ता मात्र बारा महिने येतो, चवथीच्या महिन्यातसुद्धा.

तरी घ्यायचीच असेल तर (आणि माणसाला स्वतःची गाडी हवीशी वाटते, त्यात वावगं काही नाही) घाई करू नका. नऊ वर्षं झालीत, दहा पुरी होऊ द्या, पीएफच्या पेन्शनला १० वर्षांची नोकरी लागते, मग ५८ व्या वर्षी थोडंफार का होईना दर महिन्याला येत राहील. ग्रॅच्युइटी तर पाच वर्षांनंतर लागू झालेलीच आहे, ती मागून घ्या, लाजू नका, आणि ते पैसे सगळे गाडीत घालू नका.

हे जे वर्ष मिळेल त्यात एक वही करा. आज तुम्ही ज्या गाडीवर बसता तिचं डिझेल, टोल, टायर, गॅरेज, कुठे किती तास उभी राहिली, सगळं लिहा. असा हिशोब शिकायला लोक लाखभर घालवतात, तुम्हाला कंपनी पगार देऊन शिकवतेय. आणि साहेबांना एकदा विचारून बघा, मी माझी गाडी आणली तर अटॅच करून, म्हणजे कंपनीच्या कामावर भाड्याने लावून घ्याल का, महिन्याला किती ट्रिपा देणार, लेखी देणार का. लेखी मिळालं तर मग सगळं गणितच बदलतं, मीच म्हणेन घ्या.

त्या २०१७ च्या गाडीबद्दल थोडक्यात. आठ वर्षांवरच्या गाडीला फिटनेस, म्हणजे पासिंग, दरवर्षी करावं लागतं, आधी दोन वर्षांनी असतं. परिवहनच्या साइटवर चलान आणि टॅक्स बाकी बघा, आरसीवर फायनान्सचं नाव असेल तर एनओसी हातात आल्याशिवाय टोकनसुद्धा देऊ नका. इंजिन चालू ठेवून ऑइलचं झाकण उघडा, भकाभका धूर आला तर तिथूनच मागे फिरा. चेसीला कुठे वेल्डिंग मारलंय का ते खाली झोपून बघा, रंग नवा असेल तिथं तर जरूर बघा. आणि ओव्हरलोड करून हप्ता काढू असं कोणी म्हणालं तर दंड २० हजार आणि वर टनामागे २ हजार आहे हे त्याला सांगा.

बायको नको म्हणते ते दागिन्यांसाठी की तुम्ही आत्ता आहात त्याहून जास्त बाहेर राहाल म्हणून, हे पत्रात नाही. विचारलंत का तिला?

प्रश्न: माझा फोंड्याला एकच ट्रक आहे, २८.५ टनी. ट्रान्सपोर्टवाला भाड्यातून आधीच टॅक्स, म्हणजे टीडीएस कापतो. टॅक्सचं काय करायचं?

उत्तर: दहापर्यंत गाड्या असणाऱ्याने पॅन आणि तसं डिक्लरेशन लिहून दिलं की टीडीएस कापायचा नसतो, आजच द्या. कापलेला आहे तो रिटर्न भरून परत मागा. जड गाडीला टनामागे महिन्याला हजार रुपये उत्पन्न गृहीत धरून रिटर्न भरता येतं, तुमचे वर्षाला ३ लाख ४२ हजार होतात, जाडजूड हिशोब ठेवायची सक्ती नाही. सीएकडे जाताना टीडीएसच्या पावत्या तेवढ्या न्या.