गोठ्यातले प्रश्न : बिल्ला गेला, आता काय?

प्रश्न : नमस्कार डॉक्टर. आम्ही राजापूरकडचे, गुरं दिवसभर सड्यावर (कातळाच्या माळावर) मोकळी असतात. एका गाईच्या कानातला पिवळा बिल्ला करवंदीच्या जाळीत अडकून गेला, कानपण फाटला. परत मारायचाच का? आई म्हणते पावसात कान चिघळेल. आणि चुलतभाऊ म्हणतो त्यात चिप असते, जनावर हरवलं तर मोबाईलवर दिसतं, खरं का?

उत्तर : आधी भावाचं. नाही हो, चिप-बिप काही नाही, साधं प्लास्टिक, वर 12 आकडी नंबर नि बारकोड. खरी किंमत त्या नंबरावर भारत पशुधनमध्ये, म्हणजे सरकारच्या जनावरांच्या ऑनलाइन नोंदवहीत, जी नोंद असते तिची, म्हणजे मालक कोण, लस कधी टोचली, कृत्रिम रेतन कधी केलं. त्यामुळे गाय कोणाच्या वाडीत घुसून कोंडवाड्यात गेली तर नंबर टाकून मालक सापडतो, पण ती आत्ता कुठल्या कातळावर चरतेय ते राखण्यालाच विचारा.

बिल्ला मात्र परत मारायचाच. 1 जून 2024 पासून राज्यात बिल्ल्याशिवाय खरेदी-विक्री नि वाहतूक बंद आहे, आणि विमा असेल तर बिल्ला नाही म्हणजे क्लेम अडकला समजा.

आईंचं म्हणणं अर्धं बरोबर. फाटलेली जागा भरू दे, घाई असेल तर दुसऱ्या कानात मारून घ्या. मारताना कानाच्या मधोमध, दोन जाड शिरांच्या मधल्या जागेत बसला पाहिजे, कडेला मारला की लोंबतो आणि मग जाळीत अडकणारच, तुमचा बहुतेक तसाच गेला. बिल्ला मारायच्या पंचची सुई पुसलेली हवी, नंतर टिंचर आयोडीन, आणि माशा बसू नयेत म्हणून भोवती करंजेल. थोडी सूज येते, उतरते. पण वास आला, गाय सारखी कान झटकायला लागली तर किडे पडलेत समजा नि लगेच दवाखाना गाठा, पावसात एक दिवसपण काढू नका.

नवीन बिल्ल्याचा नंबर वेगळा येतो. तो जुन्या नोंदीला जोडायला सांगा, नाहीतर कागदावर ही दुसरीच गाय होते, आणि विमावाल्यांनाही कळवा. घरी 1962 ॲपवर (पशुपालकांसाठीचं सरकारी ॲप) नंबर टाकून नोंद बरोबर आहे ना ते एकदा बघा, कारण आपल्याकडे गाय गावात नि नोंदीतला फोन कांदिवलीत वाजतो.