वैमानिकाच्या हाताखाली कोण असते?

प्रश्न : आम्ही नागपुरात सोनेगाव विमानतळाजवळ राहतो. मुलगा बारावीत असून एनडीएची तयारी करतो आहे. विमान चालवणे हे कौशल्याचे काम. मग वैमानिकाला थेट अधिकारीपद का, आणि एकट्याच्या कॉकपिटमध्ये तो नेतृत्व कोणाचे करतो?
— एक पालक, नागपूर

उत्तर : आपली शंका रास्त आहे, कारण उड्डाणासाठी अधिकारीपद अपरिहार्य नाही. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलात सार्जंट, म्हणजे अधिकारी नसलेले, वैमानिक होते आणि अमेरिकी भूदलाची अनेक हेलिकॉप्टरे आजही वॉरंट ऑफिसर (नियमित अधिकाऱ्यांहून खालच्या श्रेणीचे) चालवतात. भारतीय हवाई दलात मात्र दुंडीगलच्या अकादमीतून बाहेर पडणारा वैमानिक फ्लाइंग ऑफिसर, म्हणजे सुरुवातीच्या पदावरचा अधिकारी असतो.

त्याचे नेतृत्व हाताखालच्या माणसांपासून नव्हे, तर एका सहीपासून सुरू होते. तंत्रज्ञांनी तपासून सह्या केलेली विमानाची नोंदवही पाहून तो स्वतः सही करतो, तेव्हा विमान त्याच्या ताब्यात येते. एकाहून अधिक जणांच्या विमानात तर कप्तान पात्रतेनुसार ठरतो, आणि मागे बसलेला प्रवासी पदाने कितीही मोठा असला तरी उड्डाणाबाबतचा अंतिम निर्णय कप्तानाचाच असतो. खांद्यावरच्या पट्ट्या मोजण्याची सवय असलेल्या आपल्या समाजाला हे चटकन पटत नाही. १४ डिसेंबर १९७१ रोजी श्रीनगरच्या धावपट्टीवर हल्ला चालू असतानाच उड्डाण करून पाकिस्तानी सेबर विमानांशी झुंजलेले आणि मरणोत्तर परमवीर चक्राचे मानकरी ठरलेले निर्मलजितसिंग सेखाँ फ्लाइंग ऑफिसरच होते.

माणसांची जबाबदारी पुढे वाढत जाते. साधारणतः २ वर्षांनी फ्लाइट लेफ्टनंट, ६ वर्षांनी स्क्वाड्रन लीडर आणि १३ वर्षांनी विंग कमांडर हे पद सेवाकाळानुसार मिळते. त्यापुढे निवड होते. फ्लाइट कमांडर झालेल्या अनुभवी वैमानिकाला नवख्याला आजच्या ढगाळ हवेत पाठवावे की नाही, हे ठरवावे लागते, आणि माझ्या मते ते स्वतः उडण्यापेक्षा कठीण असते. स्क्वाड्रनच्या, म्हणजे विमानांच्या तुकडीच्या, प्रमुखावर वैमानिकांइतकाच तंत्रज्ञांचाही भार असतो.

आपल्या शहरातील वायुसेनानगरात मेंटेनन्स कमांडचे, म्हणजे देखभाल-दुरुस्ती पाहणाऱ्या विभागाचे, मुख्यालय असून तेथे दिसणारे सगळेच गणवेशधारी वैमानिक नसतात, हे मुलाला जरूर सांगावे. अग्निवीर वायू भरतीतून (ती अधिकारीपदाखालच्या जवानांची असते) थेट वैमानिक होता येत नाही. एनडीएतून हवाई दलात जाण्यासाठी बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित हे विषय असणे आवश्यक आहे.